ओ देत नाही

३ तारीख, सोमवार

ही वही नर्सबाईंनी सांगितली म्हणून घेतली. भोंग्या अडीच वर्षांचा झाला आणि अजून एक शब्द बोलत नाही. आई नाही, बाबा नाही, पाणी नाही. मी त्याला लस द्यायला नेलं तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "दोन महिने रोज लिहा. तोंडातून जो शब्द निघेल तो त्या तारखेला लिहायचा. अर्धामुर्धा असला तरी चालेल." मग कागदावर खुणा करता करता विचारलं, "ऐकू येतं ना नीट?" मी म्हटलं, "हो तर! नुसती टकटक केली तरी मान वर करतो." त्यांनी खूण केली आणि पुढचं विचारलं.

मी सातवीपर्यंत शिकले. अक्षर वेडंवाकडं आहे. नर्सबाईंशिवाय कुणी वाचू नये म्हणून वही पिशवीत तळाला ठेवणार.

शब्द: नाही.

४ तारीख, मंगळवार

शब्द: नाही.

एवढंच लिहिलं तर पान रिकामं दिसतं. नर्सबाईंना वाटेल हिने कंटाळा केला. म्हणून दिवसभराचं लिहिते.

मी लाँड्रीत काउंटरवर असते. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, पार्लरचे नॅपकिन असं सगळं येतं. मागच्या खोलीत धुवायची तीन मोठी मशीनं आणि वाळवायची दोन. ती पाचही चालू असली की शेजारच्या माणसाच्या कानाला तोंड लावून बोलावं लागतं. पुढची जमीन लाकडी पाट्यांची आहे, खालून पाईप गेलेत म्हणून. काउंटर म्हणजे एक लांब फळी. फळीखाली कपड्यांची एक रिकामी टोपली आहे, भोंग्या तीत बसतो. त्याला बोलवायचं असलं की मी फळीवर दोन बोटांनी टकटक करते. मालकीणबाई चालवून घेतात, कारण तो त्रास देत नाही. पलीकडे वाळवायचं मशीन ऐन भरात घरघरत असलं तरी हा मधल्या भिंतीला पाठ लावून झोपतो. इस्त्रीकाका म्हणतात, "अशी झोप लागायला नशीब लागतं बाई. मला तर घरी मांजर चाललं तरी जाग येते."

भोंग्या हे नाव इस्त्रीकाकांनीच ठेवलं. रडायला लागला की कारखान्याच्या भोंग्यासारखा आवाज लावतो. काका म्हणतात, ज्याचा आवाज एवढा मोठा तो एकदा बोलायला लागला की आपल्याला गप्प बसवेल. मला हे ऐकून बरं वाटतं. दिवसातून एकदा तरी मी काकांकडून ते म्हणवून घेते.

५ तारीख, बुधवार

आज माझ्या हातून मोठी चूक झाली. इथे खरं लिहिते.

काउंटरच्या कॉम्प्युटरवर गेले कित्येक दिवस एक चौकोन येत होता. नवीन सिस्टीम आली आहे, आता टाकायची की नंतर. मी रोज नंतर दाबायचे. मला त्यातलं काही कळत नाही. मला तीन गोष्टी पाठ आहेत. गिऱ्हाईकाचं नाव घालायचं, किती नग ते घालायचं, मग बटण दाबलं की शेजारच्या छोट्या प्रिंटरातून नंबरच्या चिठ्ठ्या निघतात. त्या कपड्यांना लावायच्या. आज तो चौकोन आला तेव्हा भोंग्या माझा गुडघा ठोकत होता. त्याला ती सवयच लागली आहे. दोन बोटांनी सारखं टक टक, टक टक. मी पाय बाजूला घेते, तो परत येतो. समोर दवाखान्याचा माणूस गाठोडी घेऊन उभा. मी भोंग्याला म्हटलं, थांब रे जरा, आणि घाईत नको ते बटण दाबलं.

दोन तास नुसतं गोल गोल फिरत होतं. मग कॉम्प्युटर नव्यासारखा उघडला, रंग वेगळे, सगळं मराठीत. मला आधी आनंद झाला. मग चिठ्ठ्यांचा प्रोग्राम उघडला तर पांढरा पडला आणि तसाच राहिला. वर लिहून आलं, प्रतिसाद देत नाही. खाली दोन बटणं. वाट पाहा. बंद करा.

मी वाट पाहा दाबलं. मग परत तेच आलं. मी परत वाट पाहा. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही.

मालकीणबाईंनी विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, आपोआप झालं.

शब्द: नाही.

६ तारीख, गुरुवार

मी इस्त्रीकाकांना विचारलं, प्रतिसाद म्हणजे काय हो? ते म्हणाले, "अगं, हाक मारल्यावर ओ देणं."

म्हणजे प्रोग्राम ओ देत नाही.

हाताने चिठ्ठ्या लिहिल्या. एकशे ऐंशी नग. बोटाला फोड आला. दुपारी पार्लरवाली ऑपरेशनची हिरवी फडकी घेऊन तणतणत आली, "हे काय, मी आता बायकांची पोटं कापू का?" तिचे नॅपकिन दवाखान्यात गेले होते. माझा सात एकासारखा दिसतो म्हणे.

शब्द: नाही.

७ तारीख, शुक्रवार

दुरुस्तीवाला आला. जाड चष्मा, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, आणि काहीही विचारलं की म्हणतो, "थांबा, बघू." इस्त्रीकाकांनी दहा मिनिटांत त्याचं नाव थांबाबघू ठेवलं. त्यालाही ते कळलं, पण रागावला नाही.

त्याने तीन बटणं एकदम दाबून एक लांब यादी आणली. त्यातून प्रोग्राम मारला आणि परत उघडला. पांढरा. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पांढरा.

मला विचारलं, "नक्की काय झालं होतं?"

"आपोआप झालं."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ताई, मी पोलीस नाही. तुम्ही काय दाबलं त्यावर मी कुठे शोधायचं ते ठरतं. चुकीचं सांगितलंत तर मी दुसऱ्याच ठिकाणी शोधत बसेन. कॉम्प्युटर तसाच राहील आणि आठवडा जाईल."

मी मालकीणबाई मागे गेल्यात ना ते बघितलं आणि खरं सांगितलं. तो म्हणाला, "हं. मग व्हायरस नाही. सिस्टीम बदलल्यापासून आहे. निम्मं काम झालं."

नुसतं खरं सांगितलं तर निम्मं काम झालं म्हणे. मला रडू आलं, उगाच.

त्याने जागा हवी म्हणून कॉम्प्युटर फळीवर पसरला आणि मला काउंटरमागच्या भिंतीलगतच्या सिमेंटच्या ओट्यावर चिठ्ठ्या लिहायला बसवलं. ओट्याशेजारी भोंग्याची टोपली ठेवली. मी ओट्यावर टकटक केली, त्याने बघितलं नाही. परत केली. नाही. जागा बदलली म्हणून रुसला बहुतेक.

शब्द: नाही.

८ तारीख, शनिवार

अजूनही रुसलेला. ओट्यावर पेन आपटलं, चावी आपटली. टोपलीत बसून नाडीशी खेळत होता. मी जवळ जाऊन तोंड दाखवलं तर हसला. मग राग नाही म्हणजे. मग काय आहे?

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू त्याच्या मागे लागतेस म्हणून तो मुद्दाम करतो. याचा बाप साडेतीन वर्षांचा होईपर्यंत गप्प होता."

मी म्हटलं, "आता तरी कुठे बोलतात?"

त्या हसल्या. हे सिमेंटने माखलेले पाय धुवत होते. (हे फरशी बसवायचं काम करतात. दिवसभर कापायच्या मशीनचा आवाज, घरी आले की त्यांना शांतता लागते.) हेही हसले. एकूण घर हसलं. मग सासूबाई म्हणाल्या, "मी दारात आले की बघ कसा वळतो. ऐकायला येत नसतं तर वळला असता का?"

ऐकायचं मी काढलंच नव्हतं. त्यांनी काढलं.

आमच्या घराला एकच दार आहे आणि त्या दारात उभ्या राहिल्या की खोलीत अंधार होतो. हे मी आत्ता लिहिताना मनात आलं. का आलं कुणास ठाऊक.

शब्द: नाही.

१० तारीख, सोमवार

मालकीणबाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत हे नीट झालं नाही तर मला काउंटरवर कॉम्प्युटर शिकलेली कुणीतरी बघावी लागेल. तू मागे घड्या घालायला जा. काम जाणार नाही तुझं." चांगल्या तोंडाने म्हणाल्या. पण मागे वाफ असते, मागे मूल चालत नाही. आणि भोंग्याला सासूबाईंकडे ठेवलं तर तो रस्त्यावर जातो. मागच्या महिन्यात गेला होता. टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेवटी खाली उतरून याला कडेला ठेवून गेला. सासूबाई सगळ्यांना कौतुकाने सांगतात, पोरगं कुणाच्या बापाला भीत नाही.

थांबाबघूने आज प्रोग्रामला जुन्या सिस्टीमचं सोंग घ्यायला लावलं. म्हणजे प्रोग्रामला वाटावं आपण जुन्याच घरात आहोत. तरी पांढरा.

मी विचारलं, "वाट पाहा दाबत राहिलं तर कधीतरी होतं का?"

तो म्हणाला, "पहिल्यांदा दाबावं. दुसऱ्यांदाही दाबावं. त्याच्यापुढे जो दाबतो तो स्वतःची समजूत घालत असतो."

शब्द: नाही.

११ तारीख, मंगळवार

आज त्याचं काम जवळून बघितलं, कारण पाऊण तास एकही गिऱ्हाईक नव्हतं. तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो. नेटची वायर काढली, प्रोग्राम उघडला, पांढरा. वायर परत लावली. मग दुसरं काहीतरी बंद केलं, उघडला, पांढरा. ते परत चालू केलं. एका चिठ्ठीवर लिहून ठेवतो.

मी म्हटलं, "दादा, सगळंच एकदम बंद करून बघा की. पटकन होईल."

"होईल पटकन. पण कशाने झालं ते कळणार नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की आपण गंडलो. बाकी सगळं तेच ठेवायचं, एकच बदलायचं. मग जे उत्तर येईल ते खरं. आवडो न आवडो."

इस्त्रीकाका लांबून ओरडले, "लग्नाआधी भेटला असतास तर बरं झालं असतं रे!"

शब्द: नाही. आज एकदा 'म्म्म' म्हणाला. पण घास तोंडात होता.

१२ तारीख, बुधवार

सापडलं.

त्याने छोट्या प्रिंटरची वायर काढली आणि यादीतून त्याचं नाव पुसलं. प्रोग्राम उघडला. पटकन, पहिल्यासारखा, निळ्या पट्टीसकट. मी टाळीच वाजवली.

तो खुर्चीला टेकला आणि म्हणाला, "आठवडाभर आपण याच्या मागे लागलो, आणि हा बिचारा धडधाकट आहे. उघडला की हा आधी प्रिंटरला हाक मारतो. तू आहेस का? प्रिंटरने हो म्हटलं की पुढे जातो. नव्या सिस्टीममध्ये ती हाक प्रिंटरपर्यंत पोचतच नाही. मधला दुवा तुटलाय. हा आपला उत्तराची वाट बघत बसतो. आपल्याला वाटतं याचंच डोकं बिघडलं."

"म्हणजे बोलणाऱ्यात बिघाड नाही."

"नाही. ऐकणाऱ्यात."

त्याला प्रिंटरसाठी नवा दुवा कुठूनतरी उतरवून घ्यायचा आहे, उद्या करतो म्हणाला. मालकीणबाई खूश. मला म्हणाल्या, "सुटलीस." मीही हसले. पण घरी जाताना भोंग्याला कडेवर न घेता बोटाला धरून चालवलं, आणि तो पुढे असताना त्याला हाक मारायची असं तीनदा ठरवलं. तीनदा नाही मारली.

शब्द: नाही.

१३ तारीख, गुरुवार

सकाळी साडेदहाला वीज गेली. पाचही मशीनं एकदम थांबली. लाँड्री एवढी शांत असते हे मला माहीतच नव्हतं. मागे कुठेतरी नळ ठिबकत होता तो पुढे ऐकू येत होता.

भोंग्या माझ्याकडे पाठ करून लाकडी जमिनीवर बसला होता, दोन हात अंतरावर. मी हलले नाही. जिथे होते तिथूनच म्हटलं, "भोंग्या."

नाही वळला.

त्याचं खरं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं. मग किंचाळले. असं की इस्त्रीकाका मागून धावत आले, "काय झालं, काय झालं, करंट बसला का?" समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. सगळ्यांनी ओ दिली. भोंग्या नाडी ओढत बसला होता. काका धप धप करत पाट्यांवरून जवळ आले तेव्हा तो वळला आणि त्यांच्याकडे बघून हसला.

काका म्हणाले, "बघ, ऐकलं की!"

मी म्हटलं, "काका, तुम्ही तिथेच उभे राहा. हलू नका. अजिबात."

मी लाकडी हँगर घेतले, दोन. त्याच्या डोक्यामागे, केसांना लागणार नाहीत इतक्या जवळ, हवेत एकमेकांवर आपटले. कडाडकन. समोरच्या दुकानातला माणूस दचकला. भोंग्या नाही.

मग तोच हँगर, तोच हात, तोच मुलगा. त्याच जागी उभी राहून वाकले आणि खालच्या पाटीवर हळूच टेकवला. टक.

त्याने वळून माझ्याकडे बघितलं.

परत हवेत. नाही. परत पाटीवर. वळला. परत केलं. मी किती वेळा करत होते कुणास ठाऊक. शेवटी काकांनी माझ्या हातातून हँगर काढून घेतला.

त्याला ऐकू येत नाही. त्याला फळी समजते. दोन वर्षं मी फळीवर टकटक करत होते आणि तो हाताने, बुडाने, पाठीने ती घेत होता. सिमेंटच्या ओट्यातून ती जात नाही. तो रुसला नव्हता.

वीज आली. मशीनं चालू झाली. थांबाबघू आला, त्याने प्रिंटरचा नवा दुवा टाकला. चिठ्ठी छापून निघाली. सगळे बरं म्हणाले. मी नग मोजले, चिठ्ठ्या लावल्या, दिवस पुरा केला.

१५ तारीख, शनिवार

काल लिहिलं नाही.

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "असलं काही तोंडातून काढू नकोस." मग त्यांनी ताट घेतलं आणि त्याच्या मागे चमच्याने वाजवलं. वाजवत राहिल्या. मी म्हटलं, "आई, पुरे." त्या म्हणाल्या, "थांब, वळेल." आमची फरशी जमिनीवर पक्की बसवलेली आहे, यांच्याच हातची. तिच्यातून काही जात नाही. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि चुलीकडे तोंड करून बसल्या.

हे म्हणाले, "तुला कसं कळलं?" मी हँगरचं सांगितलं, एका वेळी एकच बदलायचं ते सांगितलं. हे म्हणाले, "कॉम्प्युटरवाल्याकडून शिकलीस?" हो म्हटलं. मग म्हणाले, "मी कामावरून आलो की घरात तो एकटाच असा असायचा की मला बोलायला लावायचा नाही. मला वाटायचं, पोरगं शहाणं आहे, बापाला समजून घेतं." उठून बाहेर गेले.

मला सगळ्यात जास्त काय खातं ते लिहिते. नर्सबाईंनी विचारलं होतं. सरळ विचारलं होतं, ऐकू येतं ना? आणि मी हो तर म्हटलं. त्यांनी खूण केली आणि तोंडाकडे शोधायला लागल्या, आणि मला वही घ्यायला सांगितली. मी चुकीचं सांगितलं म्हणून सगळे दुसऱ्याच ठिकाणी शोधत बसले. कॉम्प्युटरचा आठवडा गेला. याचा किती गेला?

तो टेम्पो आठवतो सारखा.

१७ तारीख, सोमवार

सुट्टी मागितली. मालकीणबाईंना कारण सांगितलं आणि त्याबरोबर बटण मीच दाबलं होतं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं गं. कॉम्प्युटर आपोआप काही करत नसतात." मग टोपलीकडे बघून म्हणाल्या, "जा. आणि टोपली राहू दे तिथेच."

नर्सबाईंसमोर गेले. बसायच्या आधीच म्हटलं, "बाई, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं होतं." त्यांनी जुना कागद काढला. ती खूण तिथे होती, एवढीशी. मी हँगरचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, दोनदा विचारून, पाटीवर काय आणि हवेत काय. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "हे मीच करून बघायला हवं होतं." गुरुवारी मोठ्या दवाखान्यात तपासणी.

२० तारीख, गुरुवार

खोलीच्या भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं. झोपेचं औषध देऊन भोंग्याच्या कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवल्या, कानांत नळ्या. समोर कॉम्प्युटर. पडद्यावर रेषा. तपासणाऱ्या बाई आवाज वाढवत गेल्या. मला आवाज ऐकू येत नव्हता, फक्त आकडा वाढताना दिसत होता. रेषा सरळ. अजून वाढवला. सरळ. मी त्या रेषेकडे बघत होते आणि मला माहीत होतं वर काय लिहून यायला हवं.

दुसरा कान. तेच.

बाई म्हणाल्या, दोन्ही कान. बहुतेक जन्मापासून. कानाला मशीन लावून बघू, चालेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही, अजून तपासण्या लागतील. ऐकायचं वय असतं, त्यातलं बरंचसं गेलं आहे. खुणांची भाषा शिकावी लागेल, तुम्हालाही. "लवकर आणलं असतं तर" असं म्हणायला लागल्या आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या. मी म्हटलं, "म्हणा. खरं आहे ते."

हे सोबत होते. रेषांचा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, मग काढला, उलगडला, घडी पडली म्हणून हाताने सपाट करत राहिले.

परत येताना मी भोंग्याला पाठीवर घेतलं. औषधाने अर्धा झोपेत होता. रस्त्यात गाड्या, हॉर्न, माणसं, आणि मी सारखी मनात म्हणत होते, यातलं काहीच नाही, यातलं काहीच नाही. हे पुढे चालत होते, आम्हाला वाट करून देत.

मग खांद्यावर टक टक.

दोन बोटं. काउंटरखाली गुडघ्यावर करतो तेच. मी थांबले. परत टक टक. मी मान वळवली तर तो माझ्याकडेच बघत होता, मी कधी बघते याची वाट बघत.

मी फळीवर टकटक करून त्याला बोलवायचे. तेच तो माझ्या गुडघ्यावर करायचा. रोज, दिवसभर. आणि मी पाय बाजूला घ्यायचे.

मी रस्त्याच्या कडेला झाले. त्याला पाठीवरून पुढे घेतलं. त्याची छाती माझ्या छातीला लागेल असं धरलं, आणि मोठ्याने म्हटलं, "ओ!" लोक बघायला लागले. हे वळले. भोंग्याने हात माझ्या गळ्यावर ठेवला, जिथून आवाज निघतो तिथे, आणि तिथेच ठेवून दिला.

मी परत म्हटलं. ओ. ओ.

शब्द: एक. टक टक. आधीपासून होता. आज लिहिला.